मुका झालेला कॉम्प्युटर

दारव्ह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर नेमसिंग राठोड सव्वीस वर्षं बसत आला. लोक त्याला राठोड बाबू म्हणत. बाहेरगावचा पालक पहिल्यांदा आला, की टेबलाशी उभा राहून कागद पुढे धरी, आणि बाबू हात पुढे करून कागद चाचपून घेई तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येई, की या माणसाला दिसत नाही.

जन्मानं तो आंधळा नव्हता. दारव्ह्याहून सात-आठ कोसांवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात त्याचं लहानपण गेलं. नऊ वर्षांचा असताना गोवर अंगात मुरला, ताप डोक्यात गेला आणि पंधरा दिवसांत डोळे विझले. बाप धावजी त्याला खांद्यावर बसवून यवतमाळपर्यंत आणि मग नागपूरपर्यंत घेऊन गेला. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झाला. त्याची याडी, म्हणजे आई, सुखीबाई पुढं कितीतरी वर्षं रोज सकाळी त्याच्या तोंडापुढं हात हलवून विचारायची, "दिसला का रे काही?" तो "नाई" म्हणायचा. मग एक दिवस तिनं विचारणं सोडलं. नेमसिंग सांगायचा, त्या दिवशी आपण खरे आंधळे झालो.

तांड्यात त्याला 'आंधळा नेमा' हेच नाव पडलं. एका फिरत्या गुरुजींनी धावजीला गाठून सांगितलं, की अमरावतीला अंधांची शाळा आहे, तिथं घाल याला. धावजीनं घातलं. तिथं तो ब्रेल शिकला, आणि सोळाव्या वर्षी मराठी टाइपरायटर शिकला. तिथले टायपिंगचे सर म्हणत, की या यंत्राला डोळे लागतच नाहीत. डोळस पोरांनाही मी कळांवर फडकं टाकून शिकवतो. नेमसिंगच्या बोटांनी ते बोलणं मनावर घेतलं. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा तो पहिल्या झटक्यात पास झाला. अपंगांच्या राखीव जागेवर दारव्ह्याला नोकरी लागली, कांताशी लग्न झालं, अर्पिता झाली. तांड्यात गेला की तेच लोक 'बाबू आले' म्हणून खाट टाकू लागले.

टाइपरायटर गेला आणि ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा मात्र सहा-सात वर्षं त्याची फार ओढाताण झाली. टाइपरायटरवर बोट चुकलं तर बोटालाच कळायचं. कॉम्प्युटरवर मधेच काहीतरी उघडून बसायचं, आणि तो बिनआवाजाच्या पाटीवर टाइप करत राहायचा. प्रत्येक कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे.

ती अडचण रिजवाननं सोडवली. रिजवानचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. ऑफिसचा प्रिंटर बघायला आला आणि याचं काम बघत उभा राहिला. पुढच्या आठवड्यात पेनड्राइव्हमध्ये एक सॉफ्टवेअर घेऊन आला. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारं. फुकटचं होतं. रिजवाननं ते टाकलं, कानाला हेडफोन लावून दिला आणि म्हणाला, "आता लिहा काही बी."

नेमसिंगनं स्वतःचं नाव लिहिलं. कानात एका पुरुषाचा पत्र्यासारखा आवाज आला, "नेमसिंग राठोड." त्यानं खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा आवाज आला. असं त्यानं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी रिजवान म्हणाला, "बस करा बाबू, नाव झिजून जाईन."

तिथून पुढची बारा वर्षं हीच त्याच्या आयुष्यातली उजेडाची. शासनाचं परिपत्रक आलं की प्राचार्यांच्या आधी ते नेमसिंगनं वाचलेलं असे. पेपर तो जेवणाच्या सुट्टीत वाची. ऑफिसातले लोक त्या आवाजाला 'राठोड बाबूंचा चुलतभाऊ' म्हणत. शेजारच्या टेबलावरच्या शहनाज मॅडम एकदा हेडफोन कानाला लावून म्हणाल्या, "या अल्ला, हा मानूस इतका फास्ट बोलते, तुमाले समजते तरी कसं?" नेमसिंगला समजत असे. इतर लोक वाचतात त्याच्या दुप्पट वेगानं तो ऐके.

त्यानं आपली एक पद्धत बसवली होती. वर्षभर लागणारी पत्रं ठरलेली असतात: नावदुरुस्ती, जन्मतारीख दुरुस्ती, नोंदणी रद्द, गुणपत्रिकेची दुसरी प्रत. अशा बेचाळीस पत्रांचे नमुने त्यानं तयार करून एका फोल्डरमध्ये क्रमानं ठेवले. प्रत्येकात भरायच्या जागी फुल्या: पहिल्या फुलीवर विद्यार्थ्याचं नाव, दुसरीवर वर्ग, तिसरीवर नोंदणी क्रमांक; बाकीचा तपशील सोबत जोडायच्या दाखल्यांत. फुली शोधायची, भरायचं, छापायचं. कोणतं पत्र कितवं, हे त्याला तोंडपाठ होतं. पाच मिनिटांत पत्र प्राचार्य गावंडे सरांच्या टेबलावर. सरांनी ती पत्रं वाचणं कधीच सोडलं होतं. "राठोडचं पत्र आहे ना?" एवढं विचारून सही करत. नेमसिंग ही गोष्ट घरी कांताला पुनःपुन्हा सांगायचा.

दोन हजार पंचवीसच्या दिवाळीच्या सुट्टीत संस्थेनं आपल्या सगळ्या शाळा-कॉलेजांतले कॉम्प्युटर बदलले. जुनी सिस्टीम आता बंद होणार, तिला धोका आहे, असं वरून पत्र होतं. ते पत्र नेमसिंगनंच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. नवीन सिस्टीम बसवण्याचं काम एका कंत्राटदाराकडं होतं आणि त्याचा कपिल नावाचा माणूस चार दिवस येऊन सगळं करून गेला.

सुट्टी संपली. नेमसिंग साडेदहाला येऊन बसला, बटण दाबलं, हेडफोन लावला. काही नाही. वाटलं, वायर सैल आहे. काढून लावली. मशीन चालू होताना एक टिणटिण आवाज आला, म्हणजे हेडफोन ठीक होता. त्यानं नेहमीच्या कळा दाबल्या. पुन्हा दाबल्या. कानात नुसती हवा. अर्धा तास तो तसाच बसून राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "शहनाज मॅडम, माह्या पडद्यावर काय हाये जरा पाहा न."

"निळा निळा हाये बाबू. मधात एक फूल हाये."

कपिलला फोन लावला. तो म्हणाला, "काका, सगळं फॉरमॅट करून नवीन टाकलं. तुमच्या फायली परत ठेवल्यात. तुमचं ते सॉफ्टवेअर होतं ना, ते बाहेरचं आहे. यादीत नाही."

"मंग टाकून द्या न. फुकटच हाये. दहा मिनिटांचं काम हाये."

"मला टाकता येत नाही काका. हेड ऑफिसची परवानगी लागते. तुम्ही अर्ज करा. तोवर यातच एक बोलणारं आहे, ते चालू करून देतो."

दुसऱ्या दिवशी कपिल येऊन ते चालू करून गेला. तो आवाज एका बाईचा होता, स्वच्छ होता, आणि नुसता इंग्रजी होता. मराठी अक्षर आलं की बाई गप्प. नेमसिंगनं एक पूर्ण परिपत्रक उघडून कान लावला. बाईनं तारीख वाचली, कंसातले आकडे वाचले, आणि संपलं म्हणून सांगितलं. संस्थेच्या नव्या पोर्टलवर गेलं की ती 'बटन' म्हणायची. बाण पुढं नेला की पुन्हा 'बटन'. कशाचं बटन, ते ती सांगत नव्हती.

रिजवान आला. बराच वेळ खटपट केली आणि कळफलक बाजूला सारला. "बाबू, हे मले आतच घेऊन नाई राह्यलं. पासवर्ड त्यायच्यापाशी. पेनड्राइव्हचं तोंड बी बंद करून ठेवलं. मी घरचा लॅपटॉप देतो तुमाले, त्याच्यात टाकून देतो."

बाहेरचं मशीन ऑफिसात जोडायचं नाही, असाही नियम आला होता. रिजवान जाताना पायऱ्यांवर थांबला आणि परत आत येऊन नेमसिंगच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

नेमसिंगनं अर्ज केला. अर्ज शहनाज मॅडमनी टाइप करून दिला, कारण नव्या सिस्टीमवर मराठीच्या कळा बदलल्या होत्या. हे त्याला कळलं ते असं, की त्यानं पहिल्याच दिवशी हजेरीबद्दलची एक नोटीस टाइप केली, छापली आणि फलकावर लावायला दिली. वर्ग सुटल्यावर फलकापुढं पोरांचं हसू उसळलं. कोणीतरी मोठ्यानं वाचत होतं, "ज्ञ ढ ऋ रुपये ठ!" नेमसिंग आत बसून ऐकत होता. त्याला आधी वाटलं, पोरं आपसात टवाळी करताहेत. शिपाई कागद काढून घेऊन आला आणि त्याच्या टेबलावर पालथा ठेवून गेला.

कळा कपिलनं फोनवरून दुरुस्त करून दिल्या. जुन्या टाइपरायटरसारखं टाइप होऊ लागलं. पण आवाज नव्हता. अर्ज वर गेला होता. दर आठवड्याला नेमसिंग फोन लावी. "प्रक्रियेत आहे," असं उत्तर येई.

तो आता पुन्हा दुसऱ्याच्या डोळ्यांवर आला. फाईल उघडून द्यायला शहनाज मॅडम, वाचायला शहनाज मॅडम. बाई मायाळू होती, पण फीच्या खिडकीवर तिच्यापुढं रांग असे. "थांबा बाबू, दोन मिनिटं," ती म्हणे. तो थांबे. त्याची दोन मिनिटं कधी अर्ध्या तासाची व्हायची, कधी जेवणाची सुट्टी व्हायची. तो मांडीवर हात ठेवून बसे. आपण बसलेलो दिसतो, हे त्याला जाणवे, आणि त्याची त्याला फार लाज वाटे. मधेच उगाच चार कळा दाबून तो आवाज करी.

घरी कांता विचारायची, "काय झालं ओ? जेवन काहून नाई जाऊन राह्यलं?"

"काई नाई. मशीन नवं हाये. सवय होते."

"कवा होते?"

यावर तो उठून हात धुवायचा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खुशी ठाकूरवार नावाची बारावीतली मुलगी त्याच्या खिडकीवर आली. तिच्या नोंदीत आईचं नाव चुकलं होतं, ते परीक्षेच्या आधी दुरुस्त व्हायला हवं होतं. अमरावतीच्या बोर्डाच्या कार्यालयात पत्र पोचवायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची. अमरावतीला कागद घेऊन जाणारे एक सर त्याच दुपारी निघणार होते.

"होते न काम, बाबू?" तिनं विचारलं.

"पाच मिनिटाचं काम हाये पोरी," नेमसिंग म्हणाला. जुन्या सवयीनं तोंडातून गेलं.

नावदुरुस्ती सातवं पत्र. त्यानं शहनाज मॅडमना हाक मारली. "दोन मिनिटं बाबू." रांग मोठी होती. तो थांबला. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज त्याला ऐकू येत होता. निघणाऱ्या सरांनी दारातून विचारलं, "बाबू, झालं का?" नेमसिंग म्हणाला, "झालंच." पुन्हा मॅडमना हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. सव्वीस वर्षं ज्या टेबलावर काढली तिथं आपण एका फाईलसाठी भीक मागतो आहोत, असं त्याच्या मनात आलं. फोल्डर कुठं आहे ते पाठ होतं. सात वेळा खालचा बाण. एंटर. फुली शोधली, नाव भरलं. दुसरी फुली, वर्ग. तिसरी, क्रमांक. तिन्ही जागच्या जागी सापडल्या. प्रिंटरनं कागद बाहेर टाकला.

त्यानं एवढं मात्र केलं. अर्पितानं त्याच्या मोबाईलमध्ये छापील कागद वाचणारं एक ॲप टाकून दिलं होतं. ते मराठी अडखळत वाचायचं आणि फोन जरा तिरपा झाला की थांबायचं. त्यानं कागद टेबलावर सपाट करून वर फोन धरला. फोननं कॉलेजचं नाव वाचलं, तारीख वाचली, मधल्या दोन ओळी गाळून "कुमारी खुशी पुंडलिकराव ठाकूरवार" असं नीट म्हटलं, आणि थांबला. दारातून पुन्हा हाक आली. नाव बरोबर आहे, म्हणजे झालं, असं म्हणून नेमसिंगनं कागद पुढं सरकवला. गावंडे सरांनी विचारलं, "राठोडचंच ना?" आणि सही केली.

नव्या सिस्टीममध्ये फोल्डरचा क्रम बदललेला होता. जुन्यात नमुने एक-दोन-तीन असे क्रमानं लागत. नव्यात, कपिलनं फायली परत टाकताना त्या ज्या क्रमानं आल्या, त्या क्रमानं लागल्या होत्या. सातव्या जागेवर आता 'नोंदणी रद्द' होतं.

जानेवारीत प्रवेशपत्रं आली तेव्हा खुशीचं नव्हतं. आधी वाटलं पोर्टलवर राहिलं असेल. मग गावंडे सरांनी वर फोन लावला, आणि दुपारी त्यांच्या मोबाईलवर त्या पत्राचा फोटो आला. सर ऑफिसात आले आणि मोबाईल शहनाज मॅडमच्या हातात देत म्हणाले, "वाचा." मॅडम वाचू लागल्या. "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी कुमारी खुशी पुंडलिकराव ठाकूरवार हिने शिक्षण सोडले असल्याने तिची नोंदणी..." इथं त्या थांबल्या. पुढचं नेमसिंगला पाठ होतं. तो मजकूर त्याचाच होता. शेवटी डाव्या कोपऱ्यात, पत्र कोणी तयार केलं ते लिहायची पद्धत असते, तिथं त्याची आद्याक्षरं होती.

"सर," तो म्हणाला, "मी जातो अमरावतीले. मी सांगतो त्यायले, चूक माही हाये."

सर स्वतः दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला नेमसिंगही सोबत गेला. तिथल्या माणसानं त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की यादी बंद झाली, बैठक क्रमांक पडले. कॉलेजच्याच सहीचं पत्र आहे, आता पुढच्या परीक्षेला बघू. परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. यवतमाळ जवळ आल्यावर म्हणाले, "मी वाचायला पाहिजे होतं, राठोड." नेमसिंगला वाटलं, यापेक्षा सरांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खुशीचा बाप पुंडलिकराव दुसऱ्या दिवशी आला. पायऱ्यांवरूनच त्याचा आवाज येत होता. "कोन हाये तो बाबू? कोनं लेहलं ते पत्र? माह्या पोरीनं शिक्षन सोडलं म्हनून कोनं सांगतलं याले?" तो आत आला आणि नेमसिंगच्या टेबलावर त्यानं हात आपटला. "तूच का रे तो?"

नेमसिंग उभा राहिला. "मीच हाव जी. राठोड."

नेमसिंगनं आपली मान आवाजाच्या दिशेनं वळवली होती, पण थोडी चुकीच्या बाजूला. पुंडलिकरावाला तेवढ्यात कळलं. त्याचा जोरात चाललेला श्वास हळूहळू शांत झाला. मग तो शिपायाकडं वळून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आता आंधळ्याले काय बोलू मी?"

आणि तो गेला.

नेमसिंग तसाच उभा होता. शहनाज मॅडम म्हणाल्या, "बसा बाबू." तो बसला. सव्वीस वर्षांत त्याच्यावर लोक चिडले होते, भांडले होते, एका पालकानं एकदा रजिस्टर फेकून मारलं होतं. ते सगळे कारकुनावर चिडले होते. हा माणूस कारकुनावर चिडून आला आणि आंधळ्याला सोडून गेला. तांड्यातला आंधळा नेमा होता तिथंच होता, आणि मधली सगळी वर्षं कोणीतरी पाटीवरून पुसून टाकल्यासारखी झाली होती.

घरी त्यानं कांताला सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र आधी कोणाला सांगितली नव्हती, ती त्यानं तिला सांगितली. "मॅडम दोन मिनिटं थांबा म्हने. मले थांबाचं नव्हतं. तेवढंच."

कांता म्हणाली, "मशीननंच वाचनं बंद केलं, तुमी काय करसान?"

"मशीन मुकं झालं हे मले मालूम होतं न, कांता. मालूम असून केलं."

पुढच्या रविवारी दोघं शेअरच्या जीपनं पुंडलिकरावाच्या गावी गेले. जीपवाल्यानं त्यांना फाट्यावर उतरवलं, तिथून कांतानं त्याचा हात धरून नेलं. पुंडलिकरावानं खाट टाकली, चहा केला. तो दोन्ही हात गुडघ्यांत घेऊन बसला होता, असं कांतानं नंतर सांगितलं.

"पुंडलिकराव," नेमसिंग म्हणाला, "तुमी त्या दिवशी मले काही बोलले नाई. बोला. मी आंधळा हाव म्हनून चुकलो नाई. मी वाचून घेतलं नाई म्हनून चुकलो. डोये असते तरी ते चूकच राह्यली असती."

"जाऊ द्या बाबू. नशीब आमचं," पुंडलिकराव म्हणाला. "तुमचा काय कसूर? चहा घ्या."

"माहाच कसूर हाये."

"चहा थंडा होऊन राह्यला," पुंडलिकराव म्हणाला, आणि उठून गुरांकडं गेला.

खुशी दाराच्या आडून ऐकत होती. बाप गेल्यावर ती पुढं आली. "बाबू, मी खिडकीपाशीच उभी होती. मी जाऊन नव्हती राह्यली कुठं. मले वाचता येते. तुमी मले कागद दाखवला असता, तर मी वाचून सांगतलं असतं."

नेमसिंगच्या हातात कप होता. तो खाली ठेवायला त्याला जागा सापडेना. कांतानं त्याच्या हातातून कप घेतला.

"हो," तो म्हणाला. "तुले इचाराले पाह्यजे होतं."

"मी नर्सिंगले जानार होती यंदा. माही मावशी राळेगावले हाये, आता आई म्हनते तिच्याकडं जाय, तिथं दुकानात काम हाये. परीक्षा मंग पाहू म्हनते. मंग कवा पाहतात, मले मालूम हाये." एवढं बोलून ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

परत येताना फाट्यावर जीप लवकर मिळाली नाही. ऊन डोक्यावर होतं. कांता म्हणाली, "पोरगी फटकळ हाये." नेमसिंग म्हणाला, "तीच मले बाबू समजून बोलली, आंधळा समजून नाई." पण त्यातून त्याला काही सुटल्यासारखं झालं नाही. उलट तिनं म्हटलेलं एक-एक वाक्य त्याच्या डोक्यात त्या जुन्या पत्र्याच्या आवाजात पुन्हा वाचलं जाऊ लागलं. ती खिडकीपाशी उभी होती. हाताच्या अंतरावर दोन चांगले डोळे उभे होते, आणि त्याला ते मागायची लाज वाटली होती.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. दोन हॉलमध्ये पोरं बसली. पत्रव्यवहाराचं काम संस्थेनं दुसऱ्या कॉलेजमधल्या एका कारकुनाकडं दिलं होतं. नेमसिंगला फोन उचलायला बसवलं. फोन आता सगळे मोबाईलवर करतात. टेबलावरचा फोन दिवसातून दोनदा वाजायचा, बहुतेकदा चुकून.

मार्चमध्ये परवानगी आली. कपिल आला, दहा मिनिटांत सॉफ्टवेअर टाकलं. "घ्या काका, तुमचं आलं परत," तो आनंदानं म्हणाला. नेमसिंगनं हेडफोन लावला. तोच आवाज होता, तोच वेग. फाईलींची नावं त्या आवाजानं भराभर वाचली. सातव्या जागेवर तो 'नोंदणी रद्द' म्हणाला. नेमसिंगनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. हेडफोनमधून बारीक आवाज येतच राहिला, बाण जिथं थांबला होता तिथलंच पुन्हा सांगत.

"काय झालं काका? बरोबर नाही का?" कपिलनं विचारलं.

"बरोबर हाये," नेमसिंग म्हणाला. "चांगलं वाचून राह्यलं."

शहनाज मॅडमनी गावंडे सरांना जाऊन सांगितलं, की आता बाबूंना काम परत द्या. सर म्हणाले, बघू, संस्थेला विचारावं लागेल. नेमसिंगनं त्यांना स्वतःच जाऊन सांगितलं, "नका इचारू सर." रिजवान एकदा येऊन दोन तास बसला, इकडचं तिकडचं बोलला, नवीन मोबाईल आले त्याबद्दल बोलला. जाताना म्हणाला, "बाबू, कवा तरी दुकानात येत जा. मन लागते." नेमसिंगनं हो म्हटलं. तो गेला नाही.

खुशी राळेगावला गेल्याचं त्याला एका विद्यार्थ्याकडून कळलं. जुलैच्या परीक्षेसाठी तिचा फॉर्म भरला आहे का, हे विचारायला त्यानं दोनदा पुंडलिकरावाला फोन केला. पहिल्यांदा पुंडलिकराव म्हणाला, "पाहू." दुसऱ्यांदा कोणी उचलला नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यानं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. सात वर्षं नोकरी उरली होती. कांता रडली, अर्पिता फोनवर भांडली. तो दोघींचंही ऐकून घेत बसला. अर्ज संस्थेकडं गेला आहे आणि उत्तर आलेलं नाही. तोवर तो साडेदहाला येतो, खिडकीजवळच्या टेबलावर बसतो. मशीन चालू करत नाही. कोणी पालक कागद घेऊन पुढं उभा राहिला, की पलीकडच्या खिडकीकडं बोट दाखवतो. बोट बरोबर दिशेला आहे की नाही, हे तो विचारत नाही.